शिंपीणबाईंचा अंदाज

नव्या गायिकांपैकी पुढच्या वर्षी कोण गाजणार, हे म्युझिक कंपनीचे साहेब त्या पोरींचे कपडे शिवणाऱ्या बाईंना गुपचूप विचारायचे. बाईंना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जी पोरगी उपाशी राहून कमरेचं माप सगळ्यांत झपाट्यानं उतरवायची, तिच्यावर त्या बोट ठेवायच्या. अंदाज कधी चुकला नाही.

यंदा त्यांची लेकही रांगेत होती. टेप गेल्या खेपेपेक्षा चार इंच अलीकडेच थांबली. "आई, चार दिवस नुसत्या पाण्यावर आहे," लेक हसून कुजबुजली. "आता सांग ना साहेबांना!"



बाईंनी ओठांतली टाचणी काढली आणि त्या दाराशी थांबलेल्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, हिचं नाव खोडा. ही चालायची नाही."