मधली धाव

"आत्ता ती या खांबापाशी होती ना रे?" चष्मा सावरत अण्णांनी विचारलं. "एकदम पलीकडे कशी पोचली? मधली धाव दिसलीच नाही!"

हेरंबने मैदानावरच्या आपल्या लेकीकडे, इरावतीकडे पाहिलं. ती चांगली धापा टाकत, रखडत पळाली होती.

अण्णांनी तीस वर्षं पोरींना खो-खो शिकवला होता. नजर गेल्यावर चष्म्यातला कॅमेरा आणि कमरेच्या डबीतलं ग्राफिक्स कार्ड मिळून समोरचं चित्र थेट त्यांच्या मेंदूत पोचवू लागलं. कार्डाची निवड हेरंबची. तीन आठवडे त्याने मेमरी, वेग, तापणं यांचे तक्ते ताडून पाहिले होते. एक कार्ड सेकंदाला नव्वद चित्रं काढायचं. दुसरं, समोर गर्दी असली की, कसंबसं एक. 'अण्णांना दिवसभर खुर्चीतच तर बसायचंय,' म्हणत त्याने दुसरं डबीत बसवलं. पहिलं त्याच्या गेम खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये होतं.

"माझ्या पोरी कधी अशा पळाल्या नाहीत," अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले. "तुझ्या यंत्रामुळे हेही बघायला मिळालं, हेरंबा."

तेवढ्यात बाद झालेली इरावती रडवेली होऊन आली. "आजोबा, आज मी फारच हळू पळाले."

"हळू? अगं, माझ्या नजरेलासुद्धा सापडली नाहीस तू!"

तिचा चेहरा उजळला. ती वडिलांकडे वळली. "खरंच, बाबा?"

हेरंब वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

"खरंच," तो म्हणाला.