डावीकडचं मेडल

मिल बंद पडल्यापासून कचरूच्या डोळ्यांत धाकट्या भावाची वर्दी खुपत होती. सुखदेव बापाच्याच पलटणीत सुभेदार झाला. थोरल्याला घर चालवायला सतराव्या वर्षी मिलमध्ये घातलं. पलटणीच्या स्थापनादिनी महूला बडाखाना होता, साहेबलोक स्वतः जवानांना वाढतात ती पंगत; जुन्या जवानांच्या घरच्यांनाही बोलावणं. कचरूने मिलच्या शेवटच्या कापडाचा शर्ट चढवला आणि बापाचं मेडल डाव्या छातीवर लावलं. "दादा, बाबांचं मेडल उजवीकडे," सुखदेव हळूच म्हणाला. "डावीकडे फक्त स्वतः कमावलेलं. पलटणीचा रिवाज आहे." त्याच्या स्वतःच्या छातीवर डावीकडे चार लटकत होती. कचरूने मेडल असं उपटलं की शर्ट टर्रकन फाटला. दुसरा धड नव्हता. महूला तो फाटक्या जागी हात दाबूनच बसला. जवानांना वाढताना कर्नलसाहेब त्याचा छातीवरचा हात बघून थबकले. "सूबेदार साब, आपके भैया के तो दिल में पलटन है!" सुखदेवची छाती आणखी दोन इंच फुगली.