हसरा यम

"काका, आबा गेले," एवढंच बोलून पुतण्या संतोष फोनवर हमसून रडू लागला, तेव्हा गोटीराम यमाच्या खुर्चीत बसला होता.

खुर्ची म्हणजे चाकांची, ऑफिसातली. अंबडमधल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये टीव्ही मालिकेचा नरक उभा केला होता. तिथे ना उकळत्या तेलाच्या कढया, ना रेडा. राखाडी सूट घातलेला यम टॅबलेटवर पापं बघायचा, पांढऱ्या शेरवानीतला देवदूत पाप्याची बाजू मांडायचा, आणि यम गोड हसून म्हणायचा, "या, बसा. दमला असाल." कंपनीतून रिटायर झालेल्या गोटीरामचं ते हसू आता घराघरात पोचलं होतं.

त्या हसण्यापायीच तर सख्खा भाऊ तुटला होता.

दिंडोरी तालुक्यातल्या त्यांच्या गावात दरवर्षी बोहाडा व्हायचा. लाकडी मुखवटे चढवून देवादानवांची सोंगं नाचायची. यमाच्या सोंगाचा मान त्यांच्या घराण्याचा, म्हणजे थोरल्या नाथाचा, संतोषच्या आबांचा. बटबटीत डोळे, वीतभर लाल जीभ. तो मुखवटा चढवून नाथा आला की भलेभले घरात पळायचे.

सहा वर्षांपूर्वी धाकट्याचा सुटाबुटातला यम टीव्हीवर बघून नाथा भडकला. "यमाला हसवतो? आरं, मरणाचं भ्याच गेलं तर मानूस धड वागंल का? माझ्या दारात पाऊल टाकू नको!"

गोटीरामही काही कमी नव्हता. "नाही टाकत, जा! तू मेलास तरी नाही टाकणार!" म्हणून तणतणत निघाला, तो आजतागायत गेला नव्हता.

आता तेच शब्द त्याला आठवले. डायरेक्टर सुयश मागून हाका मारत राहिला आणि हा सुटासकट गाडीत बसला. शहराच्या टोकाचं म्हसरूळ सुटेपर्यंत त्याला रस्ता धड दिसत नव्हता. "अरे दादा," तो एकटाच बोलत होता, "एकदा फोन केला असता तर माझं काय झिजलं असतं रे?"

गावी पोचला तर दारात माणसं नव्हती. तिरडी नव्हती, गोवऱ्या नव्हत्या. आणि ओट्यावर, खांबाला टेकून, अंगावर घोंगडी घेऊन नाथा बसला होता.

"आला का?" नाथा म्हणाला. "यम सोताच आला की रं मला न्यायला."

"दादा! अरे, संतोष तर म्हणाला..."

"कावळा शिवला मला. परवा. डोस्क्यालाच टोचला मेला."

गोटीरामला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि तो मटकन पायरीवर बसला. गावाकडची जुनी रीत. कावळा डोक्याला शिवला की मरण आलंच म्हणून समजायचं. ते टाळायचं तर माणूस गेल्याची खोटी बातमी नातलगाला धाडायची. ती ऐकून रक्ताचं कोणी खरंखुरं रडलं की मरण फसतं आणि मागे फिरतं. त्यात पितृपक्षाचे दिवस, कावळे नुसते माजलेले.

"अरे, माझाच जीव गेला असता की!" ओरडता ओरडता त्याला रडूच फुटलं. भावाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तो लहान पोरासारखा रडला.

"रड, रड," नाथा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "खरं रडनारं मानूस पाहिजे व्हतं. दुसऱ्या कुनाला सांगनार?"

हात फार हलका लागला. वय झालं दादाचं, गोटीरामला वाटलं.

चिमणाबाईनं, नाथाच्या बायकोनं, चहा आणला. "वहिनी, तुम्हीपण सामील काय यात?" त्यानं विचारलं. ती पदर सावरत आत गेली.

"आणि तू रे संत्या!" दारात उभ्या पुतण्याकडे तो वळला. "काय रडलास फोनवर! पार पोटातून. मालिकेत घेतो तुला, देवदूत करतो."

संतोष मान खाली घालून गोठ्याकडे गेला. खोटं बोलल्याची लाज वाटली असेल बिचाऱ्याला.

नाथाचा चहा कपातच निवला.

"एक सांगू का," तो म्हणाला. "तुझी मालिका रोज बघतो मी."

"तू? त्याच्यापायीच हाकललंस ना मला?"

"हाकललं खरं." नाथानं दारातून आतल्या खुंटीकडे बोट दाखवलं. यमाचा मुखवटा भिंतीकडे तोंड करून टांगला होता. "त्याचं आता मलाच भ्या वाटाया लागलंय. तुझा यम बरा हाय. मानसाला बसा म्हनतो. म्हन की एकदा मला."

"काहीतरीच काय, दादा."

"म्हन रं."

गोटीरामनं डोळे पुसले, टाय नीट केला आणि हसून म्हणाला, "या नाथाभाऊ, बसा. दमला असाल."

"लय दमलो बाबा," नाथा म्हणाला आणि डोळे मिटून हसला. मग म्हणाला, "मुखवटा घेऊन जा. औंदा बोहाड्यात यम तू नाच."

"आणि तू?"

"मी बसून बघीन."

सहा वर्षांचं किल्मिष एका दुपारीत धुऊन निघालं. मुखवटा काखोटीला मारून गोटीराम निघाला, तेव्हा त्याचं मन अगदी मोकळं झालं होतं. चिमणाबाई गाडीपर्यंत पोचवायला आली.

"वहिनी, त्या कावळ्याला रोज माझ्या नावानं घास घाला. भाऊ परत दिला हो त्यानं. कुठे शिवला, मळ्यात की अंगणात?"

चिमणाबाईनं वळून ओट्याकडे पाहिलं. नाथा डोळे मिटूनच बसला होता.

"कावळा कुठला, भावजी," ती हळू आवाजात म्हणाली. "डाक्टरनं सांगितलंय, दिवाळी दिसायची नाय. हे म्हनले, मी मेल्यावर गोटी आला, तर मला कुठं दिसनार?"