पाटावरचे दांडे

"पट्टा पाडा! पट्टा पाडा!" जानराव फिटर ओरडला, पण इंजिनाच्या धडधडाटात त्याचं कोणाला ऐकूच गेलं नाही. शेवटी त्यानंच धावत येऊन लाकडानं चाकावरचा पट्टा पाडला. नवं मशीन थांबलं. गोदाबाईच्या उजव्या हाताची बोटं मात्र रूळ आणि पात्याच्या मध्ये तशीच राहिली.

भातकुलीच्या रस्त्यावरच्या त्या कापसाच्या जिनात आज दसऱ्याचा मुहूर्त होता. हंगामाची पहिली ओंजळ नव्या मशीनवर टाकायचा मान शेठजींनी मुकदमाच्या बायकोला, गोदाबाईला, दिला होता, आणि पुंजाराम मुकदम सकाळपासून त्या मानानं फुगून फिरत होता. कापूस दवानं ओलसर होता. तो आत जाईना, म्हणून गोदाबाईनं तळव्यानं ढकलला.

"मुकदम, याचा दांडा आना!" जानराव म्हणाला. "रूळ उलटा फिरवा लागते!"

पाने, हातोड्या सगळ्याच मशीनींना चालत; त्या ऑफिसातल्या पेटीत असत. दांड्यांचं तसं नव्हतं. मशीनी वेगवेगळ्या साली आलेल्या, कोणाच्या रुळाचं टोक जाड, कोणाचं झिजलेलं. एकीचा दांडा दुसरीला बसत नसे, म्हणून तो तिच्याच शेजारी खिळ्याला टांगलेला असायचा. आज सगळे खिळे रिकामे होते. पुंजारामनं पहाटेच दांडे काढून, रॉकेलनं पुसून, दारातल्या पाटावर पूजेला मांडले होते. छप्पनच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेतल्यापासून जानराव असल्या पूजेला येत नसे, आणि त्याला कोणी विचारलंही नव्हतं. पूजा आटोपली की दांडे परत टांगायचे आणि मगच पट्टा चढवायचा, अशी रीत होती. पण शेठजींना घाई होती, म्हणून पट्टा आधीच चढवला गेला. नारळ फोडून ते मोटारीत बसून निघूनही गेले. आणि एवढी सुरेख मांडलेली पूजा इतक्यात मोडणं पुंजारामच्या जिवावर आलं.

आता त्यानंच ती मोडली. कवेत मावतील तेवढे दांडे घेऊन तो धावत आला. जानरावनं एक लावून पाहिला, तो सैल पडला. दुसरा टोकावर चढेचना. तिसरा बसल्यासारखा वाटला, पण जोर देताच घसरला आणि रूळ केसभर पुढेच सरकला. गोदाबाई ओरडली नाही. तिनं मशीनच्या पत्र्यावर कपाळ टेकवलं.

"यातला एकबी याचा नाई," जानराव म्हणाला. "नवा चमकनारा होता, तो कुठी हाये?"

काल पुंजारामला शेठाणीबाईंचा निरोप आला होता, घरच्या पूजेला जिनातलं एखादं हत्यार पाठवा म्हणून. सगळ्यांत देखणा तोच दांडा. रेशमी फडक्यात गुंडाळून त्यानं तो स्वतः नेऊन दिला होता, आणि शेठाणीबाईंनी वाखाणलाही होता.

"बंगल्यावर," तो म्हणाला. "अमरावतीले."

जानरावनं देवमन पहारेकऱ्याला सायकल देऊन पिटाळलं आणि पाना घेऊन बोल्ट ढिले करायला बसला. बोल्ट ढिले झाले, हात सुटला नाही. चौघांनी मिळून चाक मागे ओढलं, तेही हललं नाही. कोणी तेल ओतलं. कोपरापासून खाली हात निळा पडत चालला होता, आणि पुंजारामला तो पाहवतही नव्हता आणि तिथून हलवतही नव्हतं.

"गोदे, आता येते. देवमन गेला हाये."

तिनं डाव्या हातानं मशीनचा पत्रा घट्ट धरला.

"आता येते वं. पोचलाच असंन तो." मग तो जानरावच्या पायाशी बसला. "जानराव, कायबी कर. मशीन फोड. मी शेठले सांगतो. कायबी कर, बाबा."

"बिडाचं ओतीव लोखंड हाये, मुकदम. घन घातला त तिच्या हाताचा भुगा होईन."

"सरका," गोदाबाई म्हणाली.

"काय म्हनतं?" पुंजारामनं विचारलं.

"तुमी सरका तिकडं."

तिनं एक पाय मशीनच्या पायाला लावला, डोळे मिटले आणि हात ओढला. हात बाहेर आला. सगळा आला नाही.

मशीनींवरच्या बायांनी हातात येईल ती रुई तिच्या हाताला गुंडाळली. रुई लाल झाली, की वर आणखी रुई. तिला उचलून बैलांच्या दमणीत निजवलं. पुंजाराम मागून चढू लागला.

"तुमी येऊ नका," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"काहून वं?"

"बाया बसतीन मशीनीवर. आधी दांडे जागच्या जागी लावा."

दमणी फाटकाबाहेर गेली. पुंजाराम चिरडलेल्या झेंडूतून एकेक दांडा वेचू लागला. कोणता कुठला, हे त्याला ओळखू येईना. जानराव सांगेल तिथं तो टांगत गेला. अंगात जीव नसलेल्या माणसासारखे त्याचे हात चालत होते. बाया भिंतीशी उभ्या राहून पाहत होत्या.

तेवढ्यात घामाघूम झालेला देवमन आत आला. हातात तेच रेशमी फडकं होतं.

"शेठानीबाईनं देल्ला एकदाचा," तो धापा टाकत म्हणाला. "पन संध्याकाळी वापस पाह्यजे म्हनते. त्याईची पूजा व्हाची हाये अजून."

पुंजारामनं दांडा घेतला आणि नव्या मशीनच्या टोकावर चढवला. नेमका बसला. त्यानं एका हातानं जरासा जोर दिला, तसा रूळ अलगद उलटा फिरला. त्यानं पुन्हा फिरवला. पुन्हा फिरवला. जानरावनं मनगट धरलं तरी तो थांबेना.