देवीचं पातळ

अकोल्याकडच्या एका धरणात खासगी बोट क्लबने धोक्याच्या जागी तरंगते लाल दिवे सोडले होते. ते तपासायचे आणि बिघाड असला की कळवायचा, हे सुकन्याचं काम. त्या संध्याकाळी अंधारून आलं तरी बुडालेल्या देवळाच्या कळसावरचा दिवा काठावरून दिसेना. त्यात मासे धरायला गेलेल्या कैलासची होडीही अजून परतली नव्हती.

तिने मॅनेजरला फोन लावला.

"उद्या बघू मॅडम. कालच नवी बॅटरी टाकलीय."

ती चिडली आणि काठावरच्या एका होडीवाल्याला घेऊन स्वतःच निघाली. जवळ जाऊन बघते तर दिवा चालूच होता, पण त्याला वरपासून खालपर्यंत हिरवं पातळ गुंडाळलेलं, वर गजरा.

"काढू नका मॅडम," होडीवाला म्हणाला. "खाली आमची गावदेवी हाय. बायांनी नेसवलं आसंल."

सुकन्याने तरीही गाठ सोडली. लाल उजेड पाण्यावर पसरला आणि कळसाला आपटून उलटलेली कैलासची होडी दिसली. दोघांनी खूप हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही.

मदत मागवून ती काठावर आली, तेव्हा कैलासची आई ठकूबाई तिथंच वाट बघत उभी होती. सुकन्याच्या हातातलं ओलं पातळ बघून ती कळवळली.



"आगं, ते कशाला काढलंस पोरी? माझ्या कैलासला पाण्यात सांभाळ म्हणून आजच नेसवलं हुतं. जा, तो येईस्तोवर परत नेसव."