ओढ्याकडची मेख

ठण्णकन पेला वाजला आणि दुपारची सामसूम फुटली. अंकितानं मांडीवरचं संयूचं डोकं हळूच उशीवर ठेवलं. पेला तिनंच टांगला होता, आत चमचा घालून, तंबूच्या मागच्या दोरीला. दोरीला कुणी हात लावला तर कळावं म्हणून.

कालपासून ओढ्याकडच्या कोपऱ्यातली मेख दोनदा उपटली गेली होती. पहिल्यांदा पृथ्वीराज हसला. "माती सैल हाय गं. फौजी माणसाला तंबू शिकवतीस व्हय?" सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला इस्लामपुरात करमेना, म्हणून तिघं कोयनेच्या या डोंगरात आली होती. जागा बाळासोंची, ते ती मुक्कामाला भाड्यानं द्यायचे; तंबू ज्याचा त्यानं ठोकायचा.

दुसऱ्यांदा मात्र मेख नुसती निघाली नव्हती. पुसून दगडावर आडवी ठेवली होती. खड्डा बुजवून वरून माती थोपटली होती. वारा काही माती थोपटत नाही.

अंकिताचा संशय मनुबाईवर होता. मनुबाई इथं स्वयंपाक करायची. भाकरी थापता थापता तिची नजर सारखी पाच वर्षांच्या संयूवर. काल पिठलं वाढताना तिनं खालच्या आवाजात विचारलं होतं, "पोरगी कुठल्या अंगाला झोपती?"

संयूनंच बोटानं ओढ्याकडचा कोपरा दाखवला. अंकिताचा घास हातातच राहिला. संयू त्याच कोपऱ्यात झोपत होती. रात्री अंकितानं ओढणीचं एक टोक लेकीच्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या, आणि डोळा लागू दिला नाही.

आता पृथ्वीराज बाळासोंबरोबर धबधब्याकडं गेलेला. आसपास कुणी नाही. अंकितानं मेख ठोकायचा दगड उचलला आणि ती तंबूच्या मागं गेली.

मनुबाई उकिडवी बसली होती. मेख तिच्या हातात होती.

"ठेवा ती खाली! माझ्या पोरीच्या मागं का लागलाय तुम्ही?"

मनुबाईनं दगडाकडं पाहिलं. दचकली नाही.

"तुमच्या पोरीच्या न्हाई ओ, बाई. वायच सरकून ठोका की. हितं खाली माझं लेकरू हाय."



मनुबाई मातीवरून हात फिरवत बोलत होती. पूर्वी हे रान तिच्या नवऱ्याचं होतं. दीड महिन्याचा मुलगा तापात गेला. तान्ह्याला जाळत नाहीत, म्हणून इथंच पुरला, वर तीन दगड ठेवले. पुढं नवरा गेला, रान विकलं गेलं. तंबूंसाठी जागा सपाट करताना दगड कुठं गेले कुणास ठाऊक. जागा मात्र तिला डोळे मिटूनही सापडायची.

"पोरगी ह्याच अंगाला झोपती म्हटल्यावर लय बरं वाटलं. लेकरापाशी लेकरू."

अंकितानं दगड खाली ठेवला. "बाळासोंना का नाही सांगितलं?"

"सांगून? मसणात कोण मुक्कामाला येतंय? मला कामावरनं काढतील. मग हितं कशाच्या निमतानं यायचं? तुमी बी बोलू नगा कुणाला. लेकीची शपथ हाय तुमाला."

अंकितानं मान डोलावली. मग दोघींनी मिळून तंबू दहा पावलं वर ओढला.

पृथ्वीराज परतला तेव्हा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "आता गं? माझ्या मेखा कुणी हलवल्या?"

"ऊन येत होतं," अंकिता म्हणाली.

"डोंगरात येऊन उन्हाला भ्यायचं!" म्हणत तो टॉवेल घेऊन ओढ्यावर गेला.

संयू रिकाम्या जागेपाशी जाऊन बसली. गवत दबून तंबूचा चौकोन उमटला होता. मघाशी ती तंबूच्या कडेला कधी येऊन उभी राहिली, किती ऐकलं, अंकिताला कळलंच नव्हतं. मनुबाईनं फिरवला होता तसाच तिनं मातीवरून हात फिरवला.

"आई, आपण उद्या जाणार. मग इथं दुसरी माणसं येतील?"

"येतील ना."

"ती पण तंबू ठोकतील?"

"हो गं, बाळा."

संयूनं मातीवरचा हात उचलला नाही.

"मग त्यांना कोण सांगणार?"