वहीत नसलेला सोमवार

काटा पस्तीस किलो आठशे ग्रॅमवर थांबला. सोनाबाई त्याच्याकडे रागानं बघत खाली उतरल्या, जणू सगळा दोष काट्याचाच होता.

"काटा बरोबर हाय नं, म्याडम?" जीवननं विचारलं. तो हसत होता, पण उसनं. आहारतज्ज्ञ रंजीता मॅडमनी मागच्या महिन्यातच बजावलं होतं: वजन छत्तीसच्या खाली गेलं, तर हैदराबादला भरती आणि नाकातून नळी. म्हणून मायलेक जैनथहून आदिलाबादच्या या दवाखान्यात येताना कपड्यांची पिशवी भरूनच निघाले होते.

सोनाबाईंच्या स्वादुपिंडाला सूज येऊन गेली होती. अन्न पचवणारा रस आता पुरेसा पाझरत नव्हता. रंजीतानं त्यांना दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी पहिल्या घासाबरोबर त्या रसाची एक कॅप्सूल. काय खाल्लं ते वहीत लिहायचं. लिहिण्याचं काम भाजीचा मळा सांभाळणाऱ्या जीवनकडे होतं.

रंजीतानं वही तिसऱ्यांदा चाळली. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी, ताक. अक्षर मोत्यासारखं, जेवण नमुनेदार. असं जेवणारं माणूस वाळतं कसं? भिंतीवरच्या तेलुगू आहार-तक्त्यातही याहून चांगलं काही लिहिलेलं नव्हतं.

"मावशी, कॅप्सूल किती उरल्यात?"

सोनाबाईंनी मोठ्या अभिमानानं पिशवीतून पाकिटं काढली. निम्मी तर फोडलेलीच नव्हती.

"एवढ्या उरल्या कशा?"

"उपासाच्या दिवशी घासच नसते, तं गोळी कायच्यासंग घेऊ?"

"उपास? वहीत तर कुठंच उपास नाही!"

"तुमीच म्हनलं नं, काय खाल्लं थे लिहा," जीवन म्हणाला. "उपासाच्या दिवशी आई काईच खात नाई. मंग लिहू काय?"

रंजीतानं त्या वहीवरच कपाळ टेकवलं. सोनाबाईंनी बोटांवर वार मोजून दाखवले: सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आठवड्यातले तीन दिवस वहीत नव्हतेच. तारखा घालायला तिनं सांगितलं नव्हतं, आणि जीवन म्हणजे सांगितलं तेवढंच करणारा माणूस. आपण हे विचारलं कसं नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"डबा आणलाय ना? इथंच उघडा. माझ्यासमोर जेवा."

सोनाबाईंनी डबा उघडला आणि नेहमीसारखा लेकाकडे सरकवला. "घे बापू, तू खाय. माहा सोमवार हाय."

"म्हणजे तुमच्या वाटचं हे खातात?"

"अन्न वाया कसं घालवाव, बाई?"

रंजीताच्या डोक्यात काहीतरी आलं. "जीवनभाऊ, चढा बरं काट्यावर."

जीवन चढला. काटा एकशे आठवर गेला.

"अरे देवा!" सोनाबाई ओरडल्या. "बारा सोमवार झाले, अन् हा वाढूनच राह्यला?" लगेच त्यांनी पदर तोंडावर दाबला. पण बोलायचं नव्हतं ते बोलून झालं होतं.

जीवन काट्यावरच उभा राहिला. "आई... हे उपास माह्यासाठी हाय?"

उटनूरला मुलगी पाहायला गेले होते, तेव्हा त्याच्याखाली खुर्ची मोडली होती. सगळे हसले. सगळ्यात जास्त जीवनच हसला. फक्त सोनाबाई हसल्या नव्हत्या. पुढच्या सोमवारपासून त्यांनी लेकाचं वजन उतरावं म्हणून उपास धरला. एक देव पुरणार नाही असं वाटलं, म्हणून आणखी दोन देव जोडले.

"मावशी," रंजीता म्हणाली, "देवानं तुमचं ऐकलं. फक्त माणूस चुकला."

आधी जीवनला हसू फुटलं. तो हसला तसा काट्यावरचा आकडा नाचायला लागला, आणि तो नाचता आकडा बघून सोनाबाईंचाही बांध फुटला. काय गोंधळ आहे म्हणून नर्स दारातून डोकावली, तर तिघंही डोळे पुसत होते.

"आजपासून उपास बंद," रंजीता म्हणाली.

सोनाबाईंचं हसू गपकन थांबलं. "मधातच सोडत नसते, बाई. देव लेकरावर राग काढते. पाहिजे तं नळी घाला नाकात."

जीवन काट्यावरून उतरला आणि आईसमोर उकिडवा बसला.

"सोडाचा कायले? मी धरतो. वजन माहं, तं उपास बी माहाच."

सोनाबाईंनी रंजीताकडे असं बघितलं, जणू महादेवानं तिला मुखत्यारपत्र दिलं होतं. "चालते का?"

"चालतं. पण तीन वार नाही, एकच. ताक आणि फळं घ्यायची, संध्याकाळी सोडायचा. बाकी दिवस मी लिहून देईन तेच खायचं. आणि मावशी, तुम्ही सातही दिवस जेवणार असाल, तर हैदराबाद पंधरा दिवस थांबेल."

"दत्ताले अन् मारुतीले नारळ देऊन समजावतो मी," जीवन म्हणाला आणि कपड्यांची पिशवी पायानं बाकाखाली ढकलली.

सोनाबाईंनी पहिला घास घेतला. मग कॅप्सूल, मग दुसरा घास. बारा आठवड्यांत पहिल्यांदाच त्या सोमवारी दुपारी जेवत होत्या, आणि भाकर गोड लागते हे त्यांना नव्यानंच कळत होतं. जेवताजेवता हात सवयीनं वळला. त्यांनी अर्धी भाकर मोडली, तिच्यावर भाजी ठेवली आणि लेकाच्या तोंडापुढे धरली.

जीवननं भाकरीचा वास घेतला. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"नको आई," तो म्हणाला. "माहा सोमवार हाय."